पंखपसार बचाव आणि नववी खेळी

एका जंगलात एक तळं होतं. मुलांनो, पुढे सरका. मोठ्यांनी मागे बसावं आणि मध्ये मध्ये ‘आमच्या वेळी’ म्हणू नये. ही गोष्ट तुमच्याच वेळची आहे.

तळ्याच्या पाण्यात, काठापासून थोडं आत, एक मोठी बाभूळ उभी होती. तळ्यावर दोन जातींचे पक्षी राहायचे. पांढरे बगळे आणि काळे पाणकावळे. दोघंही मासे खायचे, आणि दोघांनाही घरटी बांधायला तीच बाभूळ हवी असायची. कारण काठावर एक रानमांजर होतं. त्याला पाण्याची भीती वाटायची आणि अंडी फार आवडायची.

जे बाभळीवर राहायचे, त्यांची पिल्लं उडायची. जे काठावर राहायचे, त्यांची अंडी मांजर खायचं. इतकं सोपं होतं.

माणसं असती तर मारामारी झाली असती. पक्ष्यांनी ठरवलं, दर हंगामाला बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा. जो जिंकेल त्याची बाभूळ.

बगळे पांढरे, म्हणून पांढरी मोहरी त्यांची. पाणकावळे काळे, म्हणून काळी मोहरी यांची. पहिली खेळी पांढऱ्याची असते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे दर वर्षी सुरुवात बगळेच करायचे. एखाद्या वर्षी अदलाबदल करू या का, असं एकाही पाणकावळ्याला सुचलं नाही. एकदा एका पिल्लाला सुचलं होतं. त्याला जेवायला उशिरा वाढलं.

अदलाबदल कशाला? त्यांच्याकडे पंखपसार बचाव होता!

हा बचाव त्यांचे पूर्वज बुडकोजी यांनी शोधला. त्याच्या खेळ्या आठ. दोन्ही काळ्या उंटांना वाट करून द्यायची आणि पटावरच्या दोन लांब तिरक्या रेषांवर बसवायचं. मधली प्यादी एकेक घरच पुढे सरकवायची. दोन्ही घोडे राजाच्या आणि वजिराच्या ऐन पुढ्यात आणून उभे करायचे. आपली अर्धी बाजू ओलांडायची नाही. वरून पाहिलं तर पटावर एक पाणकावळा पंख पसरून बसलाय असंच वाटायचं. पोहून आल्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात ना, अगदी तसा.

“या बचावाचं मोठेपण काय?” पाणबुडे गुरुजी विचारायचे. गुरुजी बचाव मंडळाचे अध्यक्ष होते. “याचं मोठेपण असं, की समोरचा काय खेळतोय याकडे बघावंच लागत नाही!”

सगळे माना डोलवायचे. पाणकावळ्यांच्या माना लांब असतात. डोलवायला बराच वेळ लागतो.

आठवी खेळी झाली की खेळाडूसकट सगळे पाणकावळे उभे राहायचे, पंख पसरायचे आणि डोळे मिटायचे. ही बुडकोजींना मानवंदना. ती बराच वेळ चालायची. मग मंडळी डोळे उघडायची, तेव्हा बगळ्यांचा हल्ला सुरू झालेला असायचा आणि थोड्याच वेळात काळा राजा आपल्याच घोड्यांच्या आणि वजिराच्या गर्दीत गुदमरून मरायचा.

“मग बुडकोजी जिंकले कसे?” असं तुम्ही विचाराल. जिंकले नव्हते. त्यांची आठवी खेळी झाली आणि झाडीतून एक रानडुक्कर आलं. ते पटावरून चालत पलीकडे गेलं. मोहरी चिखलात गेली, डाव अर्धवट सुटला, आणि त्या वर्षी दोघांनी अर्धी अर्धी बाभूळ वाटून घेतली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. लपवायचं काहीच नव्हतं.

“डुक्कर उगीच आलं का?” गुरुजी म्हणायचे. “बचाव इतका भक्कम होता की डुकराला यावं लागलं!”

त्यानंतर दर वर्षी बचाव तोच, खेळाडू नवा आणि हार जुनीच. चूक अर्थातच खेळाडूची. कुणी उंट जरा तिरपा ठेवला, कुणी घोडा जोरात आपटला. मंडळातल्या कुणीही स्वतः डाव खेळला नव्हता. ते मार्गदर्शन करायचे.

मंडळात दोन गट होते. बुडकोजींनी आधी उजवा उंट काढला, असं गुरुजींच्या गटाचं म्हणणं. आधी डावा काढला, असं डुबेकाकांच्या गटाचं म्हणणं. दोन्ही गट एकमेकांशी बोलायचे नाहीत. एकमेकांत सोयरिकी करायचे नाहीत. दर वर्षी बुडकोजी जयंतीला दोघांची वेगवेगळी भाषणं व्हायची. जयंतीच्या जेवणाला ताजे मासे कोण पाठवायचं, माहीत आहे? बगळे. टोपलीवर कमळाचं पान घालून, मोठ्या प्रेमानं.

“तुमचा बचाव फार सुंदर आहे हो,” बगळ्यांचा खेळाडू एकपाये म्हणायचा. “तो सोडू नका. असं काही हल्ली राहिलं नाही.”

गुरुजींचे डोळे भरून यायचे. “बघा,” ते आपल्या पोरांना म्हणायचे, “परक्यांना कळतं!”

तर त्या वर्षी काय झालं, की खेळायला कुणी पोरगाच पुढे येईना. आदल्या वर्षी हरलेल्या पोराला मंडळानं इतकं बोलून घेतलं होतं की तो दुसऱ्या तळ्यावर राहायला गेला. तेव्हा झिपरी उठली. झिपरी ही डोक्यावरची पिसं कधीच न विंचरणारी एक तरुण पाणकावळी. दूरच्या नदीवर करकोच्यांच्या शाळेत शिकून आलेली.

“मी खेळते.”

“तू?” डुबेकाका म्हणाले. “पोरीच्या चोचीत बचाव शोभतो का?”

“मग तुम्ही खेळा, काका.”

डुबेकाकांना एकदम खोकला आला.

गुरुजींनी विचार केला. हरायला कुणीतरी हवंच होतं. “खेळ,” ते म्हणाले. “पण आठ खेळ्या पाठ आहेत ना?”

“अंड्यात होते तेव्हापासून ऐकतेय. गुरुजी, नववी कोणती?”

“नववी?”

“आठ झाल्या. मग पुढे?”

गुरुजींनी इकडे तिकडे पाहिलं. “पुढे काय? आठ झाल्या की बचाव पूर्ण. मग पंख पसरायचे.”

“पण डाव संपलेला नसतो.”

“झिपरे, बचाव म्हणजे बचाव. त्यात पुढे नसतं.”

झिपरी घरी आली ती तणतणतच. घर म्हणजे काठावरच्या लव्हाळ्यातली एक ओली जागा. तिथे तिची मोठी बहीण काजळी पोट सांभाळत बसली होती. काजळी आज-उद्या अंडी घालणार होती. गेल्या हंगामात तिनं इथेच अंडी घातली होती. सकाळी उठून पाहिलं तर नुसती टरफलं. मंडळानं तेव्हा शोकसभा घेतली होती आणि सभेत आधी उजवा उंट की डावा यावर वाद झाला होता.

“काय म्हणाले म्हातारे?” काजळीनं विचारलं.

“म्हणाले, पंख पसर.”

“मांजराला पण पसरायला सांगा म्हणावं.” काजळीनं कूस बदलली. “हे बघ, झिपरे. मला बचावाचं काही कळत नाही. मला एवढंच कळतं, की यंदा मी इथे अंडी घालणार नाही. पोटात धरून बसेन.”

“तसं करता येतं?”

“येत नाही. म्हणून तर तुला सांगतेय.”

दुसऱ्या दिवशी डाव बसला. पंच म्हणून हौसाबाई म्हैस चिखलात बसली होती. ती कुणाच्याच बाजूची नव्हती, कारण तिला बाभळीवर चढता येत नव्हतं. एकपाये एका पायावर आला आणि एका पायावरच उभा राहिला. दुसरा पाय त्यानं पोटाशी घेतला आणि डोळे मिटले. या बचावाविरुद्ध तो झोपेतच खेळायचा. बगळ्यांची पिल्लंसुद्धा हा डाव जेवता जेवता जिंकायची.

पहिली खेळी, दुसरी, तिसरी. झिपरी अगदी शिकवल्याबरहुकूम खेळली. काळे उंट आपापल्या तिरक्या रेषांवर जाऊन बसले. एकपायेनं झोपेत पांढरी प्यादी पुढे ढकलली. पटाच्या मधोमध पांढऱ्या प्याद्यांची रांगच उभी राहिली.

सहावी. सातवी. गुरुजींनी डोळे पुसले. “काय सफाई आहे हो पोरीची!”

आठवी. सगळे पाणकावळे उठले. पंख फडाफड उघडले. डोळे मिटले गेले. तळ्यावर पवित्र शांतता पसरली. एकपायेनं डोळे न उघडताच घोडा खेळला.

झिपरीनं पंख उघडले नाहीत. ती पटाकडे बघत राहिली. पांढरी प्यादी किती पुढे आली होती! त्यांच्या मागे केवढं भगदाड पडलं होतं! आणि तिचे दोन उंट त्या भगदाडावर नेम धरून बसले होते. कित्येक वर्षं ते असेच नेम धरून बसायचे आणि कुणी त्यांना सोडायचंच नाही.

तिनं एक प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे, थेट पांढऱ्या प्याद्यांच्या अंगावर नेऊन ठेवलं.

टक् असा आवाज झाला.

गुरुजींनी एक डोळा उघडला. मग दुसरा. “हे काय? हे कोण खेळलं?”

“मी.”

“मानवंदना चालू असताना?”

“चाल माझी होती, गुरुजी.”

“अहो, हे तर प्यादं पुढे गेलंय!” डुबेकाका किंचाळले. गुरुजी आणि डुबेकाका कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एका सुरात बोलले. “परत घे! मागे घे! हा आपला खेळ नाही!”

दोघं धावत हौसाबाईकडे गेले. “पंचबाई, ही खेळी रद्द करा. आमचा आक्षेप आहे.”

हौसाबाईनं रवंथ थांबवला. “खेळी कुणाची?”

“आमची.”

“आक्षेप कुणाचा?”

“आमचाच.”

“बाबांनो,” हौसाबाई म्हणाली, “मी म्हैस आहे, पण मलासुद्धा हे समजत नाही. खेळी झाली. बसा.”

या गडबडीनं एकपाये जागा झाला. त्यानं पट पाहिला. पुन्हा पाहिला. मग सगळ्या बगळ्यांच्या देखत त्यानं पोटाशी घेतलेला दुसरा पाय हळूच खाली टेकवला. बगळ्यांच्या रांगेतून कुजबुज गेली. त्याला दोन पाय आहेत हे लहान बगळ्यांना माहीतच नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “हे तुमच्या बचावात नाही.”

“आता आहे.”

एकपायेनं ते प्यादं मारलं. मारायला नको होतं. लांब तिरकी रेष मोकळी झाली आणि काळा उंट एका दमात पटाच्या त्या टोकाला, पांढऱ्या हत्तीच्या शेजारी जाऊन बसला. हत्ती पळाला. दुसऱ्या उंटानं दुसरी वाट मोकळी करून घेतली. एकपाये चांगला खेळाडू होता, पण जागेपणी विचार करून खेळायची सवय मोडली होती. मानेला रग लागली तरी तो वाकून पट बघत राहिला. उन्हं कलायला लागली तेव्हा झिपरीचा वजीर त्या दोन उंटांनी केलेल्या वाटेनं आत शिरला.

“शह,” झिपरी म्हणाली. मग जरा थांबून, “आणि मात.”

काजळी लव्हाळ्यातून ओरडली, “झालं का? मला घाई आहे!”

बाभूळ पाणकावळ्यांची झाली. गोष्ट इथे संपायला हवी होती, नाही का? मागे बसलेली मंडळी टाळ्या वाजवून उठलीसुद्धा. बसा. पाणकावळ्यांकडे मंडळ आहे हे तुम्ही विसरलात.

संध्याकाळी सभा भरली. गुरुजींनी ठराव मांडला: हा पंखपसार बचावाचा ऐतिहासिक विजय आहे. नववी खेळी बुडकोजींच्या मनात होतीच, डुकरामुळे ती पटावर यायची राहिली. सगळ्यांनी पंख वाजवले. कुणीतरी झिपरीचं नाव घ्यायला सांगितलं. “तिनं मार्गदर्शनाचं चीज केलं,” गुरुजी म्हणाले.

मग फांद्यांची वाटणी झाली. ज्येष्ठतेनुसार. सगळ्यात वरची, रुंद, सावलीची फांदी बुडकोजी स्मारकाला. तिथे एक रिकामं घरटं ठेवायचं आणि रोज त्याला नमस्कार करायचा. तिच्या खालची फांदी उजवा उंट संशोधन केंद्राला. तिच्या शेजारची डावा उंट संशोधन केंद्राला. दोन्ही केंद्रांच्या मध्ये एक फांदी मोकळी, म्हणजे भांडणाचा आवाज पलीकडे जाणार नाही. मग गुरुजींची दुपारच्या झोपेची फांदी. मग डुबेकाकांची.

“आणि अंडी घालणाऱ्या बायका?” झिपरीनं विचारलं.

“आहे ना,” गुरुजी म्हणाले. “ती खालची.”

खालची फांदी काठाकडे झुकली होती. इतकी, की तिचं टोक काठावरच्या खडकाला जवळजवळ टेकलं होतं. खडकावर रानमांजर बसलं होतं. ते फांदीकडे बघत मिशा साफ करत होतं.

काजळीनं मांजराकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी स्मारकात घालते. बुडकोजींना काही वाटणार नाही, ते मेलेत.”

“काजळे! परंपरा आहे काही!”

“पोटात चार आहेत.”

“मांजर काही रोज येत नाही,” डुबेकाका म्हणाले. “आमच्या आयांनी काठावर नाही का घातली? तक्रार केली का कधी?”

“काका,” झिपरी म्हणाली, “तुमची भावंडं किती?”

“मी एकटाच,” डुबेकाका अभिमानानं म्हणाले.

झिपरी गुरुजींकडे वळली. मग म्हणाली, “बाभळीचा प्रश्न या तळ्यावर कसा सुटतो?”

“डावानं,” गुरुजी म्हणाले.

“मग बसा. वरच्या फांद्यांसाठी एक डाव. मंडळ विरुद्ध मी.”

“आपसात?”

“घाबरलात?”

सगळे तरुण पाणकावळे बघत होते. गुरुजींना मान ताठ करावी लागली. “घाबरायचं काय त्यात! पण सांगून ठेवतो, आम्ही काळ्यानंच खेळणार. पंखपसारच खेळणार.”

“अहो, मी तेच म्हणतेय.”

झिपरी बगळ्यांकडे गेली आणि पांढरी मोहरी मागून आणली. मंडळात हाहाकार झाला.

“पांढरी मोहरी हातात घेतलीस?”

“हात कुठे आहेत आपल्याला? चोचीत घेतली.”

डाव बसला. बगळेही बघायला आले. एकपाये दोन्ही पायांवर उभा होता. मंडळाच्या बाजूनं गुरुजी आणि डुबेकाका मिळून खेळणार होते. पहिल्या खेळीलाच उजवा उंट की डावा यावर भांडण झालं. हौसाबाई म्हणाली, कुठलाही काढा पण काढा. मग त्यांनी आठ खेळ्या केल्या. मुलांनो, खरं सांगते, सुंदर केल्या. एकही मोहरं तिरपं नाही, एकही घोडा आपटला नाही. आयुष्यभर शिकवलेलं होतं. पट पंख पसरून बसला. मंडळ उठलं, पंख पसरले, डोळे मिटले.

मानवंदना झाली. डोळे उघडले. झिपरीचा घोडा राजाच्या बाजूला येऊन थांबला होता.

चाल मंडळाची होती.

गुरुजींनी पटाकडे पाहिलं. चोच एका उंटाशी नेली, मागे घेतली. घोड्याशी नेली, मागे घेतली. मग डुबेकाकांच्या कानाशी वाकून ते अगदी हळू म्हणाले, “डुबे, इथून पुढे काय करतात हो?”

“मला काय विचारता? मी मार्गदर्शक आहे.”

“मीही तोच.”

शेवटी त्यांनी कोपऱ्यातला हत्ती एक घर बाजूला सरकवला. झिपरीनं वजीर बाहेर काढला. त्यांनी हत्ती परत कोपऱ्यात आणला. झिपरीनं वजिरानं राजाच्या शेजारचं प्यादं मारलं.

“शह.”

राजाला पळायला जागा होती का? पांढऱ्या वजिराला मारावं, तर त्याच्या पाठीशी घोडा. एका अंगाला वजिराचा मारा. दुसऱ्या अंगाला त्याचाच काळा वजीर. पुढ्यात त्याचेच दोन घोडे. सगळी आपलीच माणसं, आणि एकही हलत नव्हतं.

“मात आहे, गुरुजी,” झिपरी म्हणाली.

गुरुजी बराच वेळ पट बघत होते. मग त्यांचा चेहरा उजळला. “डुबे!” ते म्हणाले. “पाहिलंत का? आठच्या आठ खेळ्या. एक चूक नाही!”

“एक नाही!” डुबेकाकांनी त्यांना मिठी मारली. कित्येक वर्षांचं वैर त्या क्षणी संपलं.

काजळी तोवर वर पोचलीही होती. स्मारकातल्या रिकाम्या घरट्यात तिनं बूड टेकलं आणि अंधार पडायच्या आत चार अंडी घातली. दोन्ही संशोधन केंद्रांच्या फांद्या मोकळ्या झाल्या. तिथे पाणकावळ्यांच्या बायका राहिल्या. तरी जागा उरली. मग झिपरीनं एकपायेला हाक मारली आणि बगळ्यांच्या बायकाही आल्या. बाभूळ मोठी होती. दोन जातींना पुरेल इतकी मोठी होती, पण ते कळायला आधी वरच्या फांद्या रिकाम्या व्हाव्या लागल्या. रानमांजर खडकावरून उठलं आणि बेडूक खायला शिकलं.

मंडळ काठावर राहायला गेलं. ते तिथे फार सुखात आहे. नव्या पिल्लांना बोलावून दोघं म्हातारे त्या डावाचं वर्णन करतात. आठव्या खेळीपर्यंत करतात, मग पंख पसरतात.

तात्पर्य, आणि हे पाठ करा: वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा नेहमी फायदा घ्यावा. त्यासाठी पटाच्या पलीकडच्या बाजूला, त्यांच्या समोर बसावं.